त्या दुसऱ्या गावांचं काय?

"वय किती?" कंडक्टरने विचारलं.

"बारा पूर्ण!" माझी भाची ताठ बसून म्हणाली. मी कपाळाला हात लावला. बारा पूर्ण झाले की मुलांचं अर्धं तिकीट संपतं, हे तिला ठाऊक होतं. पण वय लपवणं तिच्या स्वभावात नाही. कंडक्टर हसले. "अहो मामा, घाबरू नका. बायकांना अर्धंच आहे आता," असं म्हणून त्यांनी एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट दिलं. मार्च २०२३ पासून ही सवलत सुरू झाली आहे, ते मी विसरूनच गेलो होतो.

जानेवारीतला रविवार होता. पहाटेची वेळ. खानदेश म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो. जळगावचं ऊन म्हणजे डोक्यावर तवा, असं सगळे म्हणतात. पण इथली थंडीही काही कमी नाही, बरं का! आम्ही दोघंही मफलर गुंडाळून बसलो होतो. जळगावहून धुळ्याला चाललो होतो, सुमारे नव्वद किलोमीटर. काम काय? तर डॉक्टरांच्या परिषदेला!

दोस्तांनो, आम्ही दोघंही डॉक्टर नाही. डॉक्टर आहे ती माझी ताई, म्हणजे भाचीची आई. लहान मुलांची डॉक्टर. ती आदल्या संध्याकाळीच पुढे गेली होती. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची एक मोठी संघटना आहे, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स. १९६३ साली ती स्थापन झाली. दर वर्षी तिचं देशभराचं मोठं अधिवेशन भरतं आणि राज्यांच्या, जिल्ह्यांच्या पातळीवरही मुलांचे डॉक्टर असेच जमतात. वर्षभरात कुणी काय शोधलं, कुणाचं काय चुकलं, कुठलं औषध जुनं झालं, हे एकमेकांना सांगतात. आम्ही चाललो होतो ती परिषद अशीच आपल्या भागापुरती, एका दिवसाची होती. भाचीने महिनाभर हट्ट धरला होता. शेवटी ताईने संयोजकांची परवानगी काढली आणि आम्हाला दोन अटी घातल्या. मागच्या रांगेत बसायचं. आणि बोलायचं नाही.

पहिली अट आम्ही पाळली.

गिरणेचा पूल ओलांडला की बांभोरी लागतं. तिथेच आपलं विद्यापीठ आहे. १९९० साली ते सुरू झालं आणि २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. "मामा, बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं ना?" भाचीने विचारलं. येत नव्हतं. असोद्यात जन्मलेल्या या बाईने शेतात आणि जात्यावर जे सुचलं ते म्हटलं आणि घरच्यांनी ते उतरवून ठेवलं. अक्षर न शिकलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला! मला ही गोष्ट फार आवडते. तुम्हीही ती जरा ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

पाळधी गेलं, एरंडोल गेलं. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला उरलासुरला कापूस, मधेच हरभऱ्याचे हिरवे तुकडे. रस्ता आता चांगला रुंद झालाय, त्यामुळे गावं पटापट मागे पडतात. पारोळं जवळ आलं तशी मी भाचीला डावीकडचा एक फाटा दाखवला.

"इथून आत आपलं गाव. माझ्या आजीचं घर तिथे होतं."

"म्हणजे माझी पणजी?"

"हो. आणि माझा एक थोरला काकाही होता. नऊ महिन्यांचा."

ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. आमच्या घरात ती कुणी फारशी सांगतच नसे. स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. आजीच्या पहिल्या मुलाला उन्हाळ्यात जुलाब सुरू झाले. तेव्हा गावात डॉक्टर नव्हता. घरातल्या मोठ्या बायकांनी सांगितलं, पाणी बंद कर. पाणी पाजलं तर जुलाब वाढतात, अशी समजूत तेव्हा सगळीकडेच होती. आजीने ऐकलं. दोन दिवसांत बाळ गेलं. आजी म्हातारपणी एवढंच सांगायची, "तो तांब्याकडे बघत व्हता." त्यापुढे ती बोलत नसे. तिच्या उशाशी मात्र पाण्याने भरलेला तांब्या कायम असायचा.

भाची बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

धुळ्यात उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. धुळे हे मोठं गमतीदार शहर आहे. जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत! पहिली गल्ली, दुसरी गल्ली, पाचवी गल्ली. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने पांझरेच्या काठी सरळ रेघा आखून ही वस्ती वसवली. भाचीला ते फारच पसंत पडलं. गणिताच्या वहीसारखं गाव, असं ती म्हणाली.

आणि हे गाव संशोधनाचंही आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे इथे राहिले आणि १९२६ च्या अखेरीस इथेच वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने इथे संशोधन मंडळ सुरू झालं. राजवाडे गावोगाव हिंडायचे. कुणाच्या माळ्यावरचे, कुणाच्या पेटीतले जुने कागद मागायचे, प्रत्येक कागद वाचायचे. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, कागद दाखवा, असा त्यांचा खाक्या. मला वाटतं, मुलांच्या डॉक्टरांची परिषद भरवायला याहून चांगलं गाव शोधून सापडलं नसतं.

सभागृहाच्या दारात नावनोंदणीचं टेबल होतं. प्रत्येकाला एक पिशवी, एक पेन आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. भाचीच्या ओळखपत्रावर कुणीतरी हसत हसत 'पाहुणी' असं लिहिलं. ती ते दिवसभर कुरवाळत होती.

चहाच्या वेळी भिंतीवरचे तक्ते बघत फिरलो. त्यांना पोस्टर म्हणतात. दवाखान्यात दिसलेलं काही नवं, काही मोजलेलं, ते एका कागदावर मांडायचं आणि शेजारी उभं राहायचं. येणारा-जाणारा प्रश्न विचारतो. अगदी आपल्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासारखंच! फरक एवढाच, की इथे उभे असलेले तरुण डॉक्टर तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेले होते. सिकलसेलच्या पोस्टरपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कारण तो आजार आपल्या सातपुड्यातला. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, वडीसारख्या, मधे जरा दबलेल्या. या आजारात त्या वाकून विळ्यासारख्या होतात. विळे एकमेकांत अडकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि मुलाचे हातपाय असह्य दुखतात. आईवडील दोघांकडूनही तो दोष आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर मूल नुसतं वाहक असतं, त्याला सहसा त्रास नसतो. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी त्या विळ्यांचं पहिलं वर्णन छापलं. भारतात हा आजार आहे हे १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात कळलं. तोवर सातपुड्यातली मुलं काय दुखत नव्हती? दुखतच होती. पण त्या दुखण्याला नाव नव्हतं. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली, तिची मुदत २०४७ सालापर्यंत आहे.

पोस्टरशेजारच्या तरुण डॉक्टरबाई मूळच्या पुण्याच्या. त्या भाचीला म्हणाल्या, "मी इथे आले तेव्हा सगळ्यात आधी अहिराणी शिकले. 'काय व्हयनं, माय?' एवढं विचारता आलं, की आई मोकळी होते. मग मोजमाप वगैरे पुढचं."

पहिलं भाषण एका पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांचं होतं. त्यांनी पडद्यावर एक जुनं छायाचित्र दाखवलं. साल १९७१. बांगलादेशाच्या युद्धामुळे लाखो निर्वासित भारतात आले होते. सीमेवरच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तिथे डॉ. दिलीप महालनबीस नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी साखरेचा एक प्रकार म्हणजे ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. शंभरातले तीसच्या आसपास रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं!

यामागचं कोडं आधी प्रयोगशाळेत सुटलेलं होतं. जुलाबात नुसतं पाणी आतड्यात नीट शोषलं जात नाही. पण साखर आणि मीठ योग्य प्रमाणात असलं, की ती दोघं जणू हातात हात घालून आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. पाण्याने जुलाब वाढत नाहीत. मूल मरतं ते शरीरातलं पाणी संपल्यामुळे. आज ओ.आर.एस.चं पाकीट सगळ्यांना ठाऊक आहे. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. पालकांनी हे प्रमाण लिहून ठेवावं. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने घालू नये.

मी शेजारी पाहिलं. भाची माझ्याकडे बघत होती. आम्हा दोघांनाही तो तांब्या आठवत होता. साखर घरात होती, मीठ होतं, पाणी होतं. कळायला मात्र आणखी वीस-बावीस वर्षं लागणार होती.

दुसरं भाषण गडचिरोलीचं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांची 'सर्च' ही संस्था १९८० च्या दशकात गडचिरोलीत सुरू झाली. सुरुवातीला त्यांनी काय केलं? तर मोजलं. गावोगाव किती बाळं जन्मली, किती गेली, कशाने गेली. मोजल्यावर दिसलं, की न्यूमोनियाने पुष्कळ मुलं जाताहेत. न्यूमोनिया ओळखायची खूण सोपी असते: श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, एक वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त श्वास झाले, तर धोका. पण गावातल्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग काय करायचं? त्यांनी एक साधं यंत्र बनवलं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया! आता आठवा बांभोरीचं विद्यापीठ आणि त्याचं नाव. नीट बघायला अक्षरं लागतातच असं नाही. त्यांच्या न्यूमोनियाच्या कामावरचा निबंध १९९० साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला.

मग पुढची पायरी. नुकती जन्मलेली बाळं. आयुष्याचे पहिले २८ दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. दवाखाना दूर, वाट जंगलातली, आणि बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही अशी रीत. तेव्हा दवाखानाच घरी न्यायचा, असं त्यांनी ठरवलं. गावातल्याच बाईला शिकवायचं: बाळाचं वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि वेळ आली तर इंजेक्शन कसं टोचायचं. हे त्यांनी ३९ गावांत केलं. शेजारच्या ४७ गावांत केलं नाही. त्या गावांत सरकारी दवाखाने, अंगणवाड्या जशा होत्या तशाच राहिल्या. दोन्हीकडची जन्माची आणि मृत्यूची नोंद मात्र सारख्याच काटेकोरपणे ठेवली.

पडद्यावर आकडे आले. १९९३ ते १९९५ या काळात त्या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांत जात होती. हजार मुलांची शाळा डोळ्यांसमोर आणा. ६२ म्हणजे एक अख्खा वर्ग, खचाखच भरलेला. १९९७-९८ मध्ये तो आकडा २५.५ वर आला. आणि शेजारच्या ४७ गावांत? तिथे तो साठच्या आसपासच राहिला. १९९९ साली हा निबंधही 'लॅन्सेट'मध्ये आला. सभागृहात टाळ्या झाल्या. भाचीने टाळ्या वाजवल्या नाहीत.

जेवणाच्या रांगेत ताई भेटली. पानात वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, तर्रीदार शेवभाजी. थंडीच्या दिवसांत खानदेशात आणखी काय हवं! मी भाकरी मोडतो न मोडतो, तोच भाचीने दुसरी अट मोडली.

"आई, त्या दुसऱ्या गावांचं काय?"

"कुठल्या?"

"ती सत्तेचाळीस. तिथली बाळं तर मरतच राहिली ना? आणि हे लोक नुसतं लिहून घेत होते."

ताईच्या हातातला घास थांबला. शेजारी रावेरकडचे एक डॉक्टर उभे होते. ते म्हणाले, "बेटा, असं बघ. माझ्या वडिलांची केळीची बाग आहे. एखादं नवं खत आलं, की ते अर्ध्या बागेला घालतात आणि अर्ध्या बागेला नाही. सगळ्या बागेला घातलं आणि घड मोठे आले, तर ते खताने की त्या वर्षीच्या पावसाने, कसं कळणार?"

"केळीचं ठीक आहे हो काका," भाची म्हणाली. "पण केळी रडत नाहीत."

आता आजूबाजूचे दोघे-तिघे डॉक्टर आमच्याकडे वळले. मला वाटलं, ताई रागावणार. पण ती हातातलं ताट खाली ठेवून म्हणाली, "हा प्रश्न बरोबर आहे. आम्हीही त्यावर भांडतो."

आणि खरंच, ते भांडायला लागले! केळीवाले डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला कुणाला ठाऊक होतं की नवी पद्धत चांगली आहे? खेड्यातल्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचं, ही कल्पनाच तेव्हा कित्येक डॉक्टरांना भयंकर वाटत होती. उलटंही झालं असतं. कदाचित ती ३९ गावंच धोक्यात होती आणि ४७ सुखरूप. कोण नशीबवान, ते शेवटी कळलं. त्यावर पोस्टरपाशी भेटलेल्या त्या डॉक्टरबाई म्हणाल्या, मान्य. पण फरक दिसायला लागला की त्यानंतरचा प्रत्येक दिवस जड असतो, म्हणून तर मोठ्या प्रयोगांत मधेच आकडे तपासायला वेगळी माणसं नेमतात आणि फायदा अगदी स्पष्ट दिसला तर प्रयोग तिथेच थांबवतात. पांढऱ्या केसांचे डॉक्टर तोवर ताक घेऊन आले होते. ते म्हणाले, "तुलना केली नसती तर सरकारने ऐकलं असतं का? 'आमच्या गावात फरक पडला' असं म्हणणारे ढिगाने असतात. कागद दाखवा, असंच विचारतात सगळे." मला एकदम राजवाडे आठवले.

"मग सरकारने कधी ऐकलं?" भाची.

ताईने सांगितलं, की इतर ठिकाणीही ही पद्धत करून बघितली गेली, आणि २०११ साली देशभरच्या आशाताईंनी नवजात बाळाच्या घरी जायचं असं ठरलं. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. घरी जन्मलं असेल तर सात, पहिली अगदी पहिल्याच दिवशी. "तू पाच दिवसांची होतीस तेव्हा मी स्वतः डॉक्टर असूनही आशाताई काटा घेऊन आल्या होत्या की नाही, विचार मामाला!"

त्या आल्या होत्या. झोळीच्या काट्यावर लटकलेलं ते लालबुंद गाठोडं मला चांगलं आठवतं. पण भाची बोटांवर हिशेब करत होती.

"एकोणीसशे नव्व्याण्णव ते दोन हजार अकरा. बारा वर्षं?" ती म्हणाली. "माझ्याएवढी?"

कुणीच काही बोललं नाही. केळीवाल्या डॉक्टरांनी तिच्या पानात आणखी थोडं भरीत वाढलं. मला आपलं वाटलं, की तिने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला तिथे उत्तरं होती, पटणारी आणि न पटणारी. दुसऱ्याला नव्हतं. ३९ गावं आणि ४७ गावं यांतला फरक संशोधकांनी मोजला. पण आपल्या देशात तेव्हा या ८६ गावांपलीकडे आणखी लाखो गावं होती आणि त्यांतलं एकही कुणाच्या तक्त्यावर नव्हतं. पारोळ्याजवळच्या फाट्याने आत जायचं ते आमचं गावही कधी कुणाच्या तक्त्यावर नव्हतं.

जेवणानंतर एक छोटं सत्र मुलांवर होणाऱ्या संशोधनाच्या नियमांवर होतं. बरेच डॉक्टर तिथे पेंगत होते, हे मला सांगायलाच हवं, शेवभाजीचा परिणाम! भाची मात्र टक्क जागी. मुलांनो, हे तुमच्या कामाचं आहे, म्हणून सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली नियम छापले. मुलावर कुठलाही अभ्यास करायचा तर आधी एका नीतिसमितीची मंजुरी लागते, मग आईवडिलांची लेखी संमती. तेवढ्यावर भागत नाही! मूल सात वर्षांचं झालं असेल, तर त्यालाही त्याच्या भाषेत समजावून सांगून विचारावं लागतं. बारा वर्षांपुढे तर लेखी. "म्हणजे मी 'नाही' म्हणू शकते?" भाचीने माझ्या कानात विचारलं. म्हणू शकतेस. तिने वहीत ते लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

आणि मुलांवर अभ्यास करायचाच कशाला, मोठ्यांवर केलेला पुरत नाही का? नाही पुरत. मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे. तान्ह्या बाळाचं यकृत, मूत्रपिंड अजून पक्कं झालेलं नसतं. मोठ्यांचं औषध निम्मं किंवा पाव करून दिलं की झालं, असं चालत नाही. म्हणून तर ताई प्रत्येक मुलाचं आधी वजन करते आणि मगच चिठ्ठी लिहिते. तुमचे डॉक्टरही तसंच करतात ना? बघा एकदा.

संध्याकाळी निरोप घेताना पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांनी भाचीला विचारलं, "मोठी होऊन डॉक्टर होणार का?" ती म्हणाली, "अजून ठरवलं नाही. पण मला ते मणी हवेत." ते मोठ्याने हसले.

ताईला धुळ्यात आणखी एक काम होतं, म्हणून आम्ही दोघंच पुन्हा एस.टी.ने निघालो. पारोळ्याच्या फाट्याशी अंधार पडला होता. भाचीने खिडकीतून बघितलं. दूरवर आठ-दहा दिवे दिसत होते. "आता तिथे आशाताई असेल ना?" तिने विचारलं. असणार, मी म्हणालो. पण खरं सांगायचं तर गेली कित्येक वर्षं मी त्या गावात पाऊल टाकलेलं नाही. पुढच्या रविवारी जाऊ या, असं आम्ही ठरवलं.

पारोळ्याला एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन चढल्या आणि आमच्या समोरच्या बाकावर बसल्या. बाळ दुपट्यात गाढ झोपलं होतं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की भाचीने माझं मनगट पकडून घड्याळ आपल्याकडे वळवलंय आणि तिचे ओठ हलताहेत. बाळाचं पोट वर, खाली. वर, खाली.

"ताई, बाळ किती महिन्यांचं?" तिने विचारलं.

"तीन," त्या बाई म्हणाल्या. "का गं?"

"काही नाही. मोजतेय."

तेवढ्यात गतिरोधक आला, गाडी उसळली, बाळाने एक डोळा उघडून मिटला.

"चुकलं," भाची म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."